गाव धरून असतं, पण ऐकून घेतं का?

“गावाकडे कुठं असतं हो हे डिप्रेशन? तिथं माणसं एकमेकांना धरून असतात. पारावर चार जण बसले की मन मोकळं होतं. हे सगळे शहरातल्या बंद दारांचे रोग.” मुळशी तालुक्यात हे बोलणं जागोजागी ऐकू येतं. सत्कार समारंभाच्या भाषणात येतं, आरोग्य शिबिराच्या मांडवात येतं. शनिवार-रविवारी धरणाकाठच्या बंगल्यावर विश्रांतीला आलेल्यांच्या गप्पांत तर हमखास येतं. बोलणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, त्यात गावाबद्दलचं प्रेमही असतं. तरीही हे म्हणणं चूक आहे आणि या चुकीची किंमत गावातलीच माणसं मोजतात, म्हणून ते खोडून काढणं भाग आहे.

आधी त्यात खरं काय आहे ते मान्य करू. गाव धरून असतं, यात शंका नाही. घरात मयत झाली की त्या घरची चूल पेटत नाही, भाऊबंद भाकरी घेऊन येतात. सावडायला, दहाव्याला माणसं कामधंदा टाकून हजर राहतात. भातलावणीच्या दिवसांत एखादी बाई आजारी पडली तर शेजारच्या बाया तिची खाचरं लावून देतात. लग्नात भांडी घासण्यापासून पंगत वाढण्यापर्यंत कुणाला सांगावं लागत नाही. जन्म, लग्न, मरण, आजारपण, पूर, आग या प्रसंगांत मुळशीच्या एखाद्या वाडीवर जे बळ उभं राहतं, ते पुण्यातल्या सोसायटीत सहसा दिसत नाही. हे मी कमी लेखत नाही.

पण या यादीकडे नीट पाहा. यातलं प्रत्येक दुःख चारचौघांत मांडता येणारं आहे. ते झाकावं लागत नाही, त्याची लाज वाटत नाही, त्याला ठरलेले दिवस आणि ठरलेले विधी आहेत. आता दुसरी यादी करा. नवरा रोज पिऊन येतो आणि मारतो. लग्नाला सात वर्षं झाली, मूल नाही. लेक सासर सोडून परत आली आहे. थोरला मुलगा स्वतःशीच बोलतो, रात्रीचा उठून बाहेर जातो. बाळंतीण बाळाकडे बघतही नाही. कर्ज किती झालंय ते घरात बायकोलाही माहीत नाही. या दुःखांसाठी गावाकडे दहावं नाही, पंगत नाही, भाकरी घेऊन येणारे भाऊबंद नाहीत. यांच्यासाठी गावाकडे फक्त उपदेश आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. घरोघरी मातीच्या चुली. लोक काय म्हणतील. माहेरी आलेल्या लेकीला आई कुशीत घेते खरी, पण म्हणते काय? “पोरी, दोन दिवस आलीस, गोडाधोडाचं खा. तिकडचं तिकडंच ठेव.”

माणसाला आतून पोखरतात ती ही दुसऱ्या यादीतली दुःखं. आणि नेमकी तीच पारावर निघत नाहीत. पारावर बसतं कोण, हेही एकदा बघा. पारावर पुरुष बसतात, तेही बहुतेक वयानं आणि मानानं मोठे. तिथं पावसाची, निवडणुकीची, जमिनीच्या भावाची चर्चा होते. “मला रात्र रात्र झोप लागत नाही, जगू नये असं वाटतं,” असं वाक्य पारावर उच्चारून कुणी तिथून मान ताठ ठेवून उठल्याचं मी पाहिलेलं नाही. गावातल्या निम्म्या माणसांना, म्हणजे बायकांना, तर पारावर बसायची मुभाच नसते.

“बायका पाणवठ्यावर बोलतात, दळताना बोलतात, त्यांचं त्यांचं असतं,” असं यावर उत्तर येतं. या उत्तरापाशी थांबायला हवं. कारण दळताना मुळशीच्या बायका काय बोलत होत्या, याचा पुरावा आपल्याकडे आहे, आणि तो एवढा मोठा आहे की जगात फार थोड्या मुलखांकडे तसा असेल.

हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन पुण्यात स्थायिक झालेले गी पोइतवाँ हे दोघं १९८०च्या दशकात मुळशीच्या डोंगरी वाड्यांवर गरीब शेतकरी आणि भूमिहीन बायकांबरोबर संघटनेचं काम करत होते. त्या बायकांच्या तोंडून त्यांना जात्यावरच्या ओव्या ऐकू आल्या आणि जन्मभराचं काम हाती लागलं. मुळशीत नांदगाव, कोळावडे अशा गावांत आणि त्यांच्या वाड्यांवर सुरू झालेलं हे संकलन पुढे महाराष्ट्रभर पसरलं. हजाराहून अधिक गावं, तीन हजारांहून अधिक गाणाऱ्या बाया आणि लाखाच्या वर ओव्या. १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साथीनं त्यांतल्या कितीतरी बायांचे आवाज ध्वनिमुद्रित झाले. आज हा सगळा ठेवा पारी, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, जपून लोकांपुढे मांडते आहे.

या ओव्या नुसत्या सुंदर आहेत म्हणून त्यांचं कौतुक करून पुढे जाणं सोपं आहे. माझं म्हणणं आहे की त्या साक्ष म्हणून वाचा. गावात मन मोकळं करायला जागा होती की नव्हती, या खटल्यातली ही हजारो बायकांची साक्ष आहे.

साक्ष काय सांगते? बाई जात्याला देव म्हणते, आईबाप म्हणते, आणि आपल्या जिवाचं सगळं त्याच्यापुढे मांडते. हे केवळ काव्य नाही. ज्या घरात सासू आहे, जावा आहेत, नणंद आहे, नवरा आहे, दीर आहे, अशा भरल्या घरात तिला दगडाशी बोलावं लागतं. आईला सांगावं तर आईचा जीव तुटेल म्हणून सांगायचं नाही, हा भाव ओव्यांत पुन्हा पुन्हा येतो. भाऊ न्यायला येईल म्हणून वाटेकडे लागलेले डोळे येतात. शेजीही येते, कुठं ती जिवाभावाची असते, तर कुठं ऐकलेलं चार घरी नेऊन पोचवणारी. आणि सगळ्यांत जास्त हेलावून टाकते ती सीता. रामानं टाकलेली, रानात एकटी बाळंत झालेली, जिच्याजवळ त्या वेळी कुणी नाही अशी सीता. मावळातल्या बाईनं सीतेचा सासुरवास इतक्या बारकाव्यानं गायला, कारण स्वतःचं नाव घेऊन तो सांगायची सोय नव्हती. नाव सीतेचं, दुखणं स्वतःचं.

गाव आपोआप ऐकून घेत असतं, तर एवढा आडवळणाचा रस्ता कशाला लागला असता? भरल्या गोकुळात बाईला पहाटे उठून, अंधारात, दगडापाशी, दुसऱ्या कुणाच्या नावानं बोलावं लागलं, हीच त्या ‘एकमेकांना धरून असलेल्या’ गावाची खरी गोष्ट आहे. जे गावाचा दाखला देतात त्यांनी गावातल्या बायकांचा दाखला आधी ऐकावा.

आता मला याच साक्षीतली दुसरी बाजू मांडायची आहे, आणि माझ्या लेखी ती पहिलीहून महत्त्वाची आहे. कारण जात्यावर खरंच मन हलकं होत होतं. ते कशानं होत होतं, हे बघण्यासाठी जात्यापाशी जरा बसावं लागेल.

पहाटेची वेळ. पुरुष झोपलेले. दोघी जणी जात्याच्या दोन बाजूंना समोरासमोर, एक पाय लांब, एक दुमडलेला. खुंट्यावर दोघींचे हात एकावर एक. एकीचा हात मधूनच सुटतो, सुपातल्या नाचणीचा घास जात्याच्या तोंडात पडतो आणि हात पुन्हा खुंट्यावर येतो. पाळूची घरघर एवढी की ओसरीवर झोपलेल्याला शब्द कळू नयेत. अंधार एवढा की समोरचीचे भरलेले डोळे दिसू नयेत. एकीनं ओवी धरायची, दुसरीनं ती उचलायची, तेच शब्द पुन्हा आपल्या तोंडून म्हणायचे आणि मग आपली ओवी जोडायची. दळण संपेपर्यंत कुणी कुणाला उठ म्हणत नाही, कारण पीठ नसेल तर घराला भाकरी नाही.

आता यात काय काय आहे ते मोजा. रोजची ठरलेली वेळ आहे. बाई वेळ वाया घालवते असं कुणी म्हणू शकणार नाही, कारण हाताला काम आहे. बोलणं बाहेर जाणार नाही याची तजवीज आहे. बोलणारीला थेट ‘मी’ म्हणायची सक्ती नाही, सीतेच्या आडून बोलता येतं. समोर ऐकणारी आहे, आणि ती उपदेश करत नाही. ती म्हणत नाही, “सोस बाई, सगळ्यांचंच असं असतं.” ती बोलणारीचेच शब्द आपल्या गळ्यातून परत म्हणते. म्हणजे मी ऐकलं, आणि हे माझंही आहे. आजच्या समुपदेशनाच्या वर्गात जे शिकवायला महिने लागतात, ते या बायांनी दळताना घडवलं होतं.

म्हणून माझा मुद्दा असा आहे. आधार गावात राहिल्यानं मिळत नव्हता. गावानं जे नाकारलं, त्याच्यासाठी बायकांनी आपल्या कष्टाच्या वेळातून एक जागा कोरून काढली होती, आणि त्या जागेला नियम होते. आपुलकी लागतेच, पण नुसती आपुलकी पुरत नाही. वेळ, आडोसा, गुप्तता आणि ऐकण्याची रीत, या चार गोष्टी कुणीतरी जमवून आणाव्या लागतात. त्या जमल्या तर दोघींची जोडीही पुरते. त्या नसतील तर हजार वस्तीच्या गावातही माणूस एकटाच असतो.

इथं काही जण लगेच म्हणतील, “बघा, म्हणजे जुनं तेच सोनं. जातं गेलं, तिथंच बिघडलं.” याही म्हणण्याला माझा ठाम विरोध आहे. पहाटे उठून रोज दळणं हे हाड मोडणारं काम होतं. गरोदरपणात, तापात, पाळीत, बाईला त्यातून सुटका नव्हती. पिठाची गिरणी आली हा बायकांच्या आयुष्यातला मोठा सुटकेचा दिवस होता, आणि तो मागे फिरावा असं एकाही बाईनं म्हणण्याचं कारण नाही. ज्यांना जात्याचा उमाळा येतो त्यांनी पायलीभर नाचणी एकट्यानं दळून पाहावी. प्रश्न जातं गेल्याचा नाही. जात्याबरोबर बोलायची जागा गेली आणि तिच्या जागी दुसरी कुणी उभी केली नाही, हा प्रश्न आहे. नळ आला तेव्हा पाणवठा गेला. गॅस आला तेव्हा सरपणाची वाट गेली. प्रत्येक सोय हवीच होती. पण प्रत्येक सोयीबरोबर बायकांचा एकत्र असण्याचा थोडा थोडा वेळ निघून गेला, आणि विकासाचा आराखडा करणाऱ्यांच्या लेखी तो वेळ कधी अस्तित्वातच नव्हता.

शिवाय, मुळशीचं कोणतं गाव अखंड, एकजीव राहिलं आहे? १९२१च्या रामनवमीला इथं सत्याग्रह सुरू झाला. टाटा कंपनीच्या धरणात मुळा-निळा खोऱ्यातली पन्नासेक गावं जाणार होती. सेनापती बापटांनी तुरुंगवास सोसला, विनायकराव भुस्कुटे लढले, जाईबाई भोईटेंसारख्या बाया बापयांच्या बरोबरीनं पुढे आल्या. तरी १९२४पर्यंत लढा मावळला आणि धरण झालं. त्या लढ्याचा अभ्यास करणाऱ्या राजेंद्र व्होरांनी दाखवून दिलं आहे की कसणारा मावळा खोऱ्यात होता आणि जमिनीचे सावकार मालक मुख्यतः पुण्यात. मोबदल्याचा प्रश्न आला तसे दोघांचे हितसंबंध वेगळे झाले. खोरं पाण्याखाली गेलं, भावकी पांगली. शंभर वर्षांपूर्वी ज्यांची गावं बुडाली त्यांच्या वाट्याला कुठला पार आणि कुठला पाणवठा राहिला होता?

आणि आजची मुळशी? हिंजवडीचं आयटी पार्क याच तालुक्यात, लवासाही याच तालुक्यात. भूगाव, भुकूम, पिरंगुट या पट्ट्यात शेतं बघता बघता प्लॉट झाली. बापजाद्यांची जमीन विकली, पैसा आला, गाडी आली, बंगला झाला, आणि काही वर्षांत पैसा संपला. जमीन तर आधीच गेलेली. २०१८ साली प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’ या चित्रपटानं ही कथा महाराष्ट्रभर नेली. त्यातल्या मारामाऱ्यांची चर्चा फार झाली, त्यामागच्या बापाच्या खचण्याची कमी झाली. अशा बापानं आपली खंत कुठं सांगायची? पारावर? पारावर तीच माणसं बसली आहेत ज्यांनी त्याला पैसा आला तेव्हा हेवा केला आणि गेला तेव्हा “सांगत होतो” म्हटलं. जवळची माणसं असणं हे इथं आधार नाही, तीच अडचण आहे. ज्यांच्यापुढे आपली पत राखायची असते, त्यांच्यापुढेच मन उघडं करा असं सांगणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीत उतर म्हणण्यासारखं आहे.

गावाचा दाखला देणाऱ्यांच्या अगदी उलट टोकाला दुसरा एक पक्ष आहे. तो म्हणतो, “हे सगळं भावनिक बोलणं झालं. मनाचे आजार हे डॉक्टरांचं काम. बायकांनी गोल करून बसल्यानं काही होत नाही.” या पक्षालाही उत्तर द्यायला हवं, कारण तोही अर्धंच सांगतो.

डॉक्टर हवेतच. मनोविकार तीव्र असेल, माणसाला भास होत असतील, जीव द्यायचे विचार येत असतील, तर मैत्रिणीचं ऐकणं पुरत नाही. तिथं उशीर करणं म्हणजे जिवाशी खेळ. अंगारे-धुपारे करण्यात गेलेले महिने परत येत नाहीत. पण २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानं सांगितलं की देशातल्या प्रौढांपैकी साधारण दर दहांमागे एकाला त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नव्हते. एवढ्या माणसांना पुरतील इतके मानसोपचारतज्ज्ञ देशात नाहीत, आणि जे आहेत ते शहरात आहेत. ताम्हिणीच्या बाजूच्या वाडीवरून, श्रावणातल्या पावसात, मोडलेली एसटी आणि बुडालेली मजुरी हिशेबात धरून पुण्याला दर पंधरवड्याला येणं कुणाला जमणार?

आणि ‘गोल करून बसल्यानं काही होत नाही’ हे तर साफ खोटं आहे. गोव्यात विक्रम पटेल आणि ‘संगथ’ या संस्थेनं साध्या, स्थानिक, डॉक्टर नसलेल्या माणसांना समुपदेशनाचं शिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं. त्या ‘मानस’ प्रयोगाचे निष्कर्ष २०१०मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. सरकारी केंद्रांत अशी मदत मिळालेल्या रुग्णांत बरे होण्याचं प्रमाण इतरांपेक्षा स्पष्टपणे जास्त होतं. पुढच्या प्रयोगात मध्यम ते तीव्र नैराश्य असलेल्यांना अशाच समुपदेशकांच्या सहा ते आठ भेटींनी फरक पडला. आपल्या पुण्यातल्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्यविषयक केंद्रानं नाशिक जिल्ह्यातल्या गावांत ‘आत्मीयता’ हा उपक्रम सुरू केला आणि नंतर तो गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यात नेला. त्यात गावातलीच माणसं निवडून त्यांना ऐकायला, काही ठरावीक भेटींत धीर द्यायला, आणि गरज ओळखून डॉक्टरकडे पाठवायला शिकवलं जातं. शिवाय ती माणसं रेशन कार्ड, पेन्शन, सरकारी योजना यांतही मदत करतात. हे फार शहाणपणाचं आहे. विधवा बाईच्या चिंतेचा अर्धा भाग तहसील कचेरीत अडकलेल्या कागदात असतो; तो कागद हलवल्याशिवाय नुसतं “मन मोकळं करा” म्हणणं ही तिची थट्टा आहे.

झिम्बाब्वेतलं हरारेचं उदाहरण मला मुळशीसाठी सगळ्यांत जवळचं वाटतं. तिथले मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांची एक तरुण रुग्ण दगावली. तिनं आत्महत्या केली होती. तिला दवाखान्यात आणायला तिच्या घरच्यांकडे बसभाडं नव्हतं. चिबांडांनी वस्तीतल्या दवाखान्यांच्या आवारात बाकं टाकली आणि त्यावर आज्यांना बसवलं. शिकवलेल्या, वस्तीला माहीत असलेल्या, विश्वासाच्या आज्या. त्या कामाची परिणामकारकता २०१६मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. पण मला त्यातला पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. बाकावरच्या भेटी संपल्या की त्या बाया मिळून एका गटात बसतात, आणि बोलता बोलता हातांनी पिशव्या विणतात. हाताला काम, तोंडाला मोकळीक. नांदगाव-कोळावड्याच्या बायांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

आपल्या जवळचंही उदाहरण आहे. १९८६मध्ये पु. ल. देशपांडे यांच्या मदतीनं अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केलं, ते व्यसनी माणसाला बरं करण्यासाठी. पण नवरा दाखल झाला तरी बायकोच्या मनातली वर्षानुवर्षांची भीती आणि शरम कुठं जाणार? म्हणून तिथं बायकांचा ‘सहचरी’ हा गट आला. घरात, भावकीत, माहेरी जे बोलता येत नव्हतं, ते त्याच आगीतून गेलेल्या दुसऱ्या बाईपुढे बोलता येऊ लागलं. लक्षात घ्या, ती दुसरी बाई ना शेजारीण, ना नात्यातली. एकाच दुखण्यानं त्या जवळ आल्या आहेत. खरी जवळीक अनेकदा अशी जमवावी लागते. ती रक्तातून किंवा वेशीच्या आत राहिल्यामुळे येईलच असं नाही.

तेव्हा दोन्ही पक्षांना माझं उत्तर एकच आहे. गाव पुरेसं आहे म्हणणारे जागा बांधायची जबाबदारी टाळतात. फक्त डॉक्टर पुरेसा आहे म्हणणारे ज्यांच्यापर्यंत डॉक्टर पोचत नाही त्यांना वाऱ्यावर सोडतात. मधलं काम कुणीच अंगावर घेत नाही, आणि नेमकं तेच करण्यासारखं आहे.

मुळशीत ते करायला नव्यानं काही उभारायला नको. जवळपास प्रत्येक वाडीवर महिला बचत गट आहे. आज त्याच्या बैठकीत हप्ता, व्याज आणि कर्ज एवढंच निघतं. महिन्यातली एक बैठक पैशाची वही बंद ठेवून घ्यावी. त्या बैठकीचे नियम पहिल्याच दिवशी सगळ्यांनी मिळून ठरवावेत. इथलं इथंच राहील. विचारल्याशिवाय कुणी सल्ला देणार नाही. बोलायचं नसेल तिला नुसतं बसता येईल. आणि सासू व सून एकाच गोलात बसणार नाहीत, कारण सून तिथं तोंड उघडणार नाही आणि सासूलाही तिचं दुःख असतं, तेही निघणार नाही. एकमेकींच्या नात्यात नसलेल्या दोन वाड्यांच्या बाया एकत्र आणल्या तर आणखी बरं. हात रिकामे नकोत. पापड लाटा, गोधडी शिवा, नाचणी निवडा.

पुरुषांचं काय? त्यांच्याकडे भजनी मंडळ आहे, हरिपाठ आहे, सप्ताह आहे, तालीम आहे. वारकरी एकमेकांच्या पाया पडतात. वयानं, मानानं मोठं कोण ते न बघता. हे मोठं संचित आहे. पण अभंग संपला की टाळ ठेवून घरी जायचं, एवढ्यावर ते थांबतं. त्यानंतरचा अर्धा तास कुणी राखून ठेवला, आणि मंडळातल्या एखाद्या जाणत्यानं “मलाही तो काळ कठीण गेला” असं आपणहून सांगितलं, तर जमीन गेलेल्या त्या बापाला तोंड उघडायला वाट मिळेल. पुरुष आधी दुसऱ्याचं ऐकतो, मग आपलं बोलतो. ती सुरुवात कुणीतरी मोठ्यानं करायला हवी.

या सगळ्याला एक टोक दवाखान्याशी बांधलेलं असलं पाहिजे. प्रत्येक गटातल्या एकीला-दोघींना नीट शिकवावं: कोणतं बोलणं धोक्याचं, कुणाला एकटं सोडायचं नाही, कधी थेट डॉक्टरकडे न्यायचं. पौडच्या ग्रामीण रुग्णालयात ठरलेल्या दिवशी मानसोपचाराची ओपीडी नेमानं चालली पाहिजे, आणि ती कधी असते हे प्रत्येक वाडीला पाठ असलं पाहिजे. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक २०२२पासून आहे, दिवसरात्र आणि फुकट. तो अंगणवाडीच्या भिंतीवर, पिठाच्या गिरणीवर, एसटीच्या थांब्यावर रंगवायला काय लागतं? आणि हे सगळं आशाताईंच्या डोक्यावर फुकटात टाकू नये. गावातलं कुठलंही न होणारं काम आशाताईंवर ढकलायची सवय सरकारला लागली आहे. ऐकणं हेही श्रमाचं काम आहे, त्याला मोबदला हवा. आणि ऐकणारीचं ऐकायलाही कुणीतरी हवं.

“गुप्तता गावात राहणार कशी? चार दिवसांत चार घरी होईल,” असा शेवटचा आक्षेप येतो. तो खरा आहे, म्हणूनच तर नियम करायचे. ज्या गावात बातमी वाऱ्यावर पसरते त्याच गावात भिशीचा हिशेब वर्षानुवर्षं बाहेर जात नाही, कारण तो फुटला तर सगळ्यांचं नुकसान आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. माणसाच्या दुःखाला पैशाइतकी किंमत दिली, तर तेही राखलं जाईल. एकदा-दोनदा चूक होईल, कुणी दुखावेल, गट मोडेलही. तो पुन्हा बांधावा लागेल. पण ‘होणारच नाही’ म्हणून सुरूच न करणं हा शहाणपणा नाही.

मुळशीच्या बायांनी हे आपल्याआधी करून दाखवलं आहे. त्यांच्यापाशी पैसा नव्हता, संस्था नव्हती, घरात मान नव्हता, झोपेतून काढलेला वेळ तेवढा होता. त्यातून त्यांनी ऐकण्याची एक रीत घडवली आणि ती पिढ्यान्पिढ्या चालवली. आपल्यापाशी आज बचत गट आहेत, समाजमंदिरं आहेत, कायदा आहे, दवाखाने आहेत, सिद्ध झालेले प्रयोग आहेत. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं तर उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे. एवढं असताना “गावाकडे कुठं असतं हे” म्हणत राहणं म्हणजे त्या बायांनी एवढं गाऊन सांगितलेलं न ऐकणं. यापुढे व्यासपीठावरून कुणी गावाच्या एकोप्याचे गोडवे गायला लागलं, तर त्याला तिथंच विचारा: या गावात सुनेनं मनातलं बोलायला जागा कोणती, महिन्यातला दिवस कोणता आणि ऐकायला कोण बसतं? तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत टाळ्या राखून ठेवा.